शेणकिड्यांचा संदर्भ-संग्रह आणि त्यांच्या नावांचे अर्थ : कामाच्या नोंदी

११ जून

शेणकिड्यांची एक पेटी तयार करायची आहे. तिच्यात प्रत्येक नमुन्याखाली तीन गोष्टी असतील : शास्त्रीय नाव, त्या नावाचा अर्थ आणि तो कीटक प्रत्यक्षात काय करतो याचे एक-दोन वाक्यांतले वर्णन. नावाचा अर्थ देणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत आणि सवयींची वर्णनेही आहेत, पण दोन्ही शेजारी मांडली की नाव देणाऱ्याने काय पाहिले होते आणि काय त्याच्या नजरेतून सुटले होते, हे लगेच कळते. तेवढ्यासाठीच हा खटाटोप आहे. असे काम दुसऱ्या कोणाला करायचे झाल्यास अडचणी आधी कळाव्यात, म्हणून नोंदी ठेवत आहे.

सुरुवातीलाच एक काळजी घेतली. जंतनाशक म्हणून आयव्हरमेक्टिन दिलेल्या जनावरांच्या शेणात त्या औषधाचा अंश उतरतो आणि तो शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक ठरतो. आमिषासाठी आणि पुढे पाळण्यासाठी शेण घ्यायचे ते औषध न दिलेल्या जनावरांचेच, असे ठरवले आणि जनावरांच्या मालकाला नीट विचारूनच ते आणले.

१४ जून

खड्डा-सापळे लावले. रुंद तोंडाचा डबा जमिनीत पुरायचा, त्याची कड मातीच्या पातळीला आणायची, तळाशी थोडे पाणी आणि त्यात साबणद्रवाचे थेंब टाकायचे, तोंडावर कापडात बांधलेले शेण टांगायचे आणि पावसासाठी वर छप्पर करायचे. वाचायला सोपे आहे. पहिल्या रात्री मात्र डब्यांत जवळजवळ काहीच आले नाही, कारण सभोवतालची माती दबल्यामुळे कड बोटभर वर राहिली होती. चालत येणारा कीटक त्या कडेला लागून वळसा घालतो आणि निघून जातो. डब्याभोवती माती भरून, ती हाताने दाबून, कडेपर्यंत सपाट केल्यावर त्याच जागी दुसऱ्या रात्री चांगली आवक झाली.

साबणद्रव विसरू नये. नुसत्या पाण्याचा पृष्ठताण लहान कीटकाला तरंगत ठेवतो आणि तो भिंतीला लागून वर चढून निसटतो. सापळे रोज रिकामे करणे शक्य नसेल तर पाण्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरावे. गाडीच्या शीतकात सर्रास असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि प्राण्यांना विषारी असते, ते उघड्यावर ठेवू नये.

१६ जून

आमिष पळवले गेले. ओरखड्यांवरून काम कुत्र्याचे वाटते. आता प्रत्येक डब्यावर रुंद भोकांची तारेची जाळी खुंट्यांनी पक्की केली आहे. भोके लहान ठेवली तर कॅथार्सियस या वंशातले मोठे शेणकिडे बाहेरच अडतात, म्हणून जाळी निवडताना अपेक्षित असलेला सर्वांत मोठा कीटक डोळ्यांसमोर ठेवावा.

शेणाचा गोळा लहान असला की तो दुपारपर्यंत सुकतो, वास थांबतो आणि सापळा निरुपयोगी होतो. गोळा मोठा केला आणि तो बदलण्याची वेळ ठरवून दिली. त्याच वेळी सकाळचा आणि संध्याकाळचा माल वेगळ्या बाटल्यांत घ्यायला सुरुवात केली, कारण गोळा ढकलत नेणाऱ्या पुष्कळ जाती दिवसा उडतात, तर खालच्या खाली बोगदा खणणाऱ्यांपैकी अनेक रात्री येतात. ही वेळेची नोंद पुढे सवयीच्या ओळीत उपयोगी पडणार आहे आणि ती नंतर कोठूनही मिळवता येत नाही.

१९ जून

शेणात सापडलेले सगळेच शेणकिडे नसतात. बाटलीत आखूड पंखकवचांचे (पाठीवरच्या कठीण पुढच्या पंखांचे) लांबट स्टॅफिलिनिड भुंगे होते, चकचकीत काळे हिस्टर भुंगे होते आणि मुंग्या तर होत्याच. यांतले बरेच जण शेणासाठी नव्हे, तर शेणातील माश्यांची अंडी आणि अळ्या खाण्यासाठी येतात. ते बाजूला काढल्यावर उरलेल्यांची पहिली वाटणी मागच्या पायाच्या पोटरीवरून केली : टोकाला एकच काटा असेल तर तो स्कॅराबिइनी या उपकुळातला, म्हणजे खरा शेणकिडा, आणि दोन काटे असतील तर ॲफोडिइनी या दुसऱ्या उपकुळातला. भिंगाखाली हे चटकन दिसते, मात्र पाय आधी मऊ कुंचल्याने धुवावा लागतो, नाहीतर चिकटलेली मातीच काट्यासारखी दिसते.

मोठ्या नमुन्यांच्या पोटाखाली तांबूस कोळीकिडे चिकटलेले आढळले. मी आधी ते परजीवी समजून झटकून टाकत होतो. त्यांतले मॅक्रोकेलिस गटातले माइट हे वास्तविक प्रवासी असतात : शेणाच्या एका पोवापासून, म्हणजे पडलेल्या थापीपासून, दुसऱ्यापर्यंत कीटकाच्या अंगावरून जातात आणि तेथे उतरून माश्यांची अंडी खातात. यापुढे त्यांची वेगळी कुपी ठेवायची आणि तिच्यावर यजमानाचा क्रमांक लिहायचा, असे केले आहे.

२४ जून

टाचण्या लावण्याचे काम. टाचणी उजव्या पंखकवचाच्या पुढच्या भागातून आत घालायची आणि खाली मधल्या व मागच्या पायांच्या दरम्यान बाहेर काढायची, म्हणजे मध्यरेषा आणि डावी बाजू अखंड राहते. टाचणी गंजरोधक पोलादाची असावी. पितळी टाचणीवर कीटकाच्या चरबीमुळे हिरवा थर चढतो आणि तो वाढत जाऊन नमुनाच फोडतो. ऑन्थोफॅगस या वंशातल्या लहान शेणकिड्यांना टाचणी सहन होत नाही, त्यांना त्रिकोणी कार्डाच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवले. पाण्यात विरघळणारा डिंक हवाच, कारण नमुना काढून खालून पाहण्याची वेळ येतेच.

शाई फसली. बाटलीत टाकलेल्या चिठ्ठ्यांवरचे अक्षर अल्कोहोलमध्ये पसरले आणि काही नमुन्यांचे ठिकाण-तारीख कायमचे गेले. असे नमुने पेटीत घेणार नाही, ते हात बसवण्यासाठी वापरले. बाटलीत शिसपेन्सिलीनेच लिहावे.

२ जुलै

सर्वांत जास्त वेळ येथे गेला. ऑन्थोफॅगसच्या ढिगातून मी दोन जाती वेगळ्या केल्या होत्या, एक डोक्यावर लांब शिंगांची आणि एक शिंगे जेमतेम उमटलेली, बाकी अंगाने सारखी. दोन्हींची चित्रे काढून, मापे घेऊन, स्वतंत्र कार्डे लिहूनही झाली होती. नंतर नरांचे जननांग काढून सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवले, तेव्हा ते हुबेहूब एकच निघाले. जात एकच होती आणि दोन्ही नर होते.

ऑन्थोफॅगसच्या अनेक जातींत अळीला भरपूर अन्न मिळाले तर शिंगाळ नर होतो आणि कमी मिळाले तर जवळजवळ बिनशिंगी. शिंगाळ नर मादीच्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहून पहारा देतो, तर बिनशिंगी नर बाजूने आडवाट खणून किंवा पहारेकऱ्याला चुकवून आत शिरतो. शिंगांवरून जाती पाडू पाहणाऱ्याने आधी हे तपासावे. आता दोन्ही नर आणि मादी एकाच ओळीत, एकाच कार्डाखाली लावले आहेत.

याच वंशातील ऑन्थोफॅगस टॉरस या जातीचे नाव लॅटिन आहे, टॉरस म्हणजे बैल, आणि ते अर्थातच शिंगांवरून पडले. २०१० साली रॉबर्ट नेल आणि ली सिमन्स यांनी दाखवले की या जातीचा बलवान नर स्वतःच्या वजनाच्या ११४१ पट ओझे ओढू शकतो. बैल म्हणणाऱ्याला शिंगे दिसली होती, ताकद मोजली गेली ती खूप नंतर.

६ जुलै

नावांची पहिली कार्डे लिहिली आणि बहुतेक फाडली. कॉप्रिस हे नाव ज्योफ्रॉय यांनी १७६२ मध्ये दिले, ते ग्रीक ‘कोप्रोस’वरून, अर्थ शेण. ऑन्थोफॅगस हे लात्रेइल यांचे १८०२ मधले नाव, ‘ओन्थोस’ म्हणजे शेण आणि ‘फागेन’ म्हणजे खाणे. ॲफोडियस हे ‘आफोडोस’वरून, म्हणजे पुन्हा विष्ठाच. शेजारी आपला शेणकिडा. चारही कार्डांवर एकच शब्द आला आणि त्यातून वाचणाऱ्याला नवे काहीच मिळेना.

म्हणून प्रत्येक कार्डावर नावाच्या अर्थाखाली ‘नावात न आलेले’ अशी ओळ टाकली. तेव्हा कार्डे बोलू लागली. ॲफोडियस पोवाच्या आतच राहतो, तेथेच खातो आणि त्याच्या बऱ्याच जाती तेथेच अंडी घालतात. कॉप्रिस पोवाखाली बोगदा करून शेण खाली नेतो. ऑन्थोफॅगसचे नाव ‘शेण खाणारा’ असले तरी या दोन हजारांहून अधिक जातींच्या वंशात कुजलेल्या फळांवर, अळंब्यांवर आणि मृत प्राण्यांवर येणाऱ्या जातीही आहेत. ॲफोडियसच्या जुन्या विस्तृत वंशाची आता अनेक वंशांत फोड झालेली आहे, म्हणून त्या कार्डावर ‘व्यापक अर्थाने’ असे लिहून ठेवले.

खाण्याविषयीही एक दुरुस्ती करावी लागली. प्रौढ शेणकिडा शेण चावून खातो असे मी आधी लिहिले होते. त्याचे जबडे मऊ, पातळ पडद्यासारखे असतात. तो ओल्या शेणातील जाडेभरडे तंतू बाहेर सारतो आणि बहुतेक जातींत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असलेले, सूक्ष्मजीवांनी समृद्ध कण तेवढे गिळतो. तंतूंसकट चावून खाते ती अळी, कारण तिचे जबडे कठीण असतात. एकाच जातीत ‘शेण खाणे’ या शब्दांचे असे दोन अर्थ होतात, आणि प्रौढ कीटक ताज्या, ओल्या शेणाकडेच का धावतात याचेही कारण त्यात आहे. सापळ्यातला सुकलेला गोळा का चालला नाही, ते मला येथे कळले.

१३ जुलै

जिम्नोप्ल्युरस. ग्रीक ‘जिम्नोस’ म्हणजे उघडा आणि ‘प्ल्युरा’ म्हणजे बाजू, अर्थात उघड्या कुशीचा. इलिगर यांनी १८०३ मध्ये हे नाव दिले. वरून पाहिल्यावर मला उघडे असे काही दिसेना आणि मी कार्डावर ‘अर्थाचा संदर्भ स्पष्ट नाही’ असे लिहून मोकळा झालो होतो. नमुना आडवा धरून प्रकाश बाजूने टाकला, तेव्हा खांद्यामागे पंखकवचाच्या कडेला खोल खाच दिसली आणि त्या खाचेतून पोटाची कूस उघडी पडलेली दिसली. ही खाच असल्यामुळे पातळ पंख बाजूने बाहेर येतात आणि पंखकवचे न उचलताच कीटक उडू शकतो. चेंडू ढकलता ढकलता संकट आले तर झटकन उडणे त्यामुळे सोपे जात असावे, असे मला वाटते.

इतकी चोख नावे थोडी असतात. अडचण मांडणीची होती : सगळे नमुने वरून पाहण्यासाठी लावलेले, त्यामुळे ज्या गोष्टीवरून नाव पडले तीच झाकली जात होती. आता जिम्नोप्ल्युरसचा एक नमुना कडेवर फिरवून लावला आहे. हाच नियम इतरांना लावून पाहिला आणि नावाला कारण झालेला अवयव प्रत्येक ओळीतल्या किमान एका नमुन्यात दिसेल अशी फेररचना केली. काही नमुने कोमट पाण्याच्या वाफेवर पुन्हा मऊ करावे लागले, दोघांचे पाय तुटले.

१७ जुलै

सिसिफस. हे नाव लात्रेइल यांनी १८०७ मध्ये ग्रीक कथेतील राजावरून दिले. देवांना फसवल्याबद्दल त्याला डोंगरावर धोंडा चढवण्याची शिक्षा झाली होती आणि धोंडा दर वेळी खाली घरंगळत असे. लांबलचक मागचे पाय आणि त्यांनी ढकललेला चेंडू पाहिल्यावर नाव सुचणे साहजिक आहे. पण राजा एकटा होता आणि त्याचे काम कधीच पुरे होत नव्हते. या कीटकाचा चेंडू पुष्कळदा नर-मादी जोडीने नेतात, तो घसरतो, ते परत पकडतात आणि अखेरीस मऊ माती लागली की पुरूनही टाकतात. ‘नावात न आलेले’ या ओळीत मी ‘काम पुरे होते’ एवढेच लिहिले.

कॅथार्सियसचे नाव, १८३७ मध्ये होप यांनी दिलेले, ‘शुद्ध करणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. कोणत्या अवयवाकडे किंवा अन्नाकडे न पाहता परिणामाकडे पाहणारे, एवढ्यांत हे एकच नाव मिळाले. परिणाम खराच मोठा असतो. ऑस्ट्रेलियातील स्थानिक शेणकिडे प्रामुख्याने कांगारूंसारख्या प्राण्यांच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते आणि १७८८ पासून तेथे आलेल्या गुरांच्या पातळ शेणाला पुरे पडत नव्हते. पोव कुरणावर तसेच पडून राहत आणि त्यांत माश्या वाढत. कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिस्सा यांच्या पुढाकाराने सीएसआयआरओ या तेथील सरकारी संशोधन संस्थेने १९६० च्या दशकापासून परदेशी शेणकिडे आणून सोडले. आणलेल्या त्रेचाळीस जातींपैकी तेवीस जाती तेथे रुजल्या.

२१ जुलै

स्कॅराबियस सॅकरचा नमुना माझ्याकडे नाही. ती भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशातील जात आहे. तरी नावांच्या पेटीत ती नसणे चालणार नाही, म्हणून चित्र लावले. लिनियस यांनी १७५८ मध्ये दिलेल्या नावातील ‘सॅकर’ म्हणजे पवित्र, आणि हे पावित्र्य इजिप्तचे आहे. उगवत्या सूर्याचा देव खेप्री याला तेथे या भुंग्याच्या रूपात दाखवत, आणि भुंग्याचेच चिन्ह ‘खेपेर’, म्हणजे अस्तित्वात येणे, हा शब्द लिहिण्यासाठी वापरत. पुढे १९४० मध्ये यान्सेन्स यांनी एका वंशाला खेपेर असेच नाव दिले.

हे कार्ड लिहिताना हात आवरला नाही आणि ते इतरांच्या तिप्पट झाले. गोष्ट मोठी आहे म्हणून कार्ड मोठे, हे मला मान्य नाही. शेवटी दोनच गोष्टी ठेवल्या. एक, या भुंग्याच्या पुढच्या पायांना टोकाची सांधेदार पावले नसतात, आणि ही खूण भिंगाविना दिसू शकते. दोन, उन्हात ढकलत नेलेला चेंडू बहुधा त्याचे स्वतःचे जेवण असते. अंडे असलेला गोळा जमिनीखाली घडवला जातो, त्याचा आकार नासपतीसारखा असतो आणि अंडे त्याच्या निमुळत्या मानेत असते, हे झाँ-आन्री फाब्र यांनी शोधून दाखवले. चेंडूतूनच नवा जीव निघतो या समजुतीवर ‘अस्तित्वात येणे’ उभे होते. ते खरे निघाले, पण वेगळ्या गोळ्याबाबत.

वगळलेल्यांत एक गोष्ट अशी होती की ती वगळताना जिवावर आले. स्कॅराबियस सॅटिरस ही जात चांदणे नसलेल्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरून चेंडू सरळ रेषेत नेते, असे मारी डाके आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कृत्रिम तारांगणात प्रयोग करून दाखवले. नावाशी तिचा संबंध नाही, म्हणून ती येथेच नोंदवून ठेवतो.

२८ जुलै

खताच्या ढिगातून आणलेल्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या ‘शेणकिड्याच्या’ म्हणून मला मिळाल्या होत्या. त्या पाळल्या आणि त्यांच्या वाढीची वाट पाहण्यात बरेच दिवस गेले. आज त्यांतल्या एकीचे डोके आणि पाय नीट तपासले, तर ती गेंडा भुंग्याची निघाली. गेंडा भुंगा कुजक्या खतात वाढतो, पण प्रौढ झाल्यावर नारळाच्या कोंभात शिरून झाड पोखरतो. दिसायला तशीच असलेली हुमणी मुळे खाते. शेणात सापडते ते शेणकिड्याचे, या समजुतीने कीड पाळली जाण्याचा धोका आहे, आणि उलट हुमणी समजून उपयोगी अळ्या मारल्या जाण्याचाही. खऱ्या शेणकिड्याची अळी सहसा मोकळी फिरताना दिसत नाही, ती आपल्या गोळ्याच्या आत बंद असते आणि तिच्या पाठीवर कुबड असते.

यावरून पेटीचे मराठी शीर्षक बदलले. ‘शेणातले किडे’ असे लिहिले होते, त्यात हे सगळेच येतात. आता ‘शेणकिडे’ आहे आणि खाली लहान अक्षरांत ‘शेण वापरून पिल्ले वाढवणारे भुंगे’ अशी पुस्ती आहे.

४ ऑगस्ट

पेटीच्या कोपऱ्यात तपकिरी भुकटी दिसली. संग्रह खाणाऱ्या डर्मेस्टिड भुंग्याच्या केसाळ अळ्या दोन नमुन्यांत शिरल्या होत्या. संपूर्ण पेटी दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून उणे २० अंश सेल्सियसच्या शीतपेटीत ठेवली. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थंड नमुन्यांवर साचून बुरशी येते. नवे नमुने यापुढे आधी शीतपेटीत जातील, मगच पेटीत.

११ ऑगस्ट

कॉप्रिसच्या कार्डावरची सवय मी पुस्तकातून घेतली होती, ती स्वतः पाहावी म्हणून दोन काचांमध्ये माती भरून एक उभी चौकट केली आणि वर शेण ठेवून जोडी सोडली. पहिल्या खेपेला माती कोरडी होती, बोगदे ढासळले आणि कीटक काचेच्या कोपऱ्यात घुटमळत राहिले. मुठीत दाबल्यावर गोळा राहील इतकी ओली माती भरली, काचेवर काळा कागद लावला आणि कागद फक्त पाहण्यापुरताच काढायचा असे ठरवले. उजेड राहिला की मादी काचेपासून दूर, मातीच्या मध्यभागी खणते आणि काहीच दिसत नाही.

आज कागद काढला, तेव्हा पोकळीत शेणाचे वेगवेगळे गोळे होते आणि मादी त्यांच्यामध्ये होती. कॉप्रिसची मादी अंडी घातल्यावर निघून जात नाही, गोळ्यांवर वाढणारी बुरशी साफ करत त्यांची राखण करते. कार्डावर नावाच्या अर्थापुढे ‘शेण’ तसेच ठेवले आहे. खालच्या ओळीत ‘बोगदा खणणारा’ खोडून ‘गोळ्यांची राखण करणारी मादी’ असे लिहिले. चौकट अजून तशीच ठेवली आहे, नवे भुंगे वर आल्यावर त्यांतला एक नर आणि एक मादी पेटीत जाईल. ऑन्थोफॅगसच्या ओळीत मात्र काही लहान नमुन्यांपुढे वंशाचेच नाव आहे, जात निश्चित करण्यासाठी ते जाणकाराकडे पाठवायचे आहेत, आणि तोपर्यंत त्यांच्या कार्डावरची अर्थाची जागा कोरी राहील.